चौथी पट्टी की पुणं

उषाबाई : मंग हे पेढे वाटायचे का न्हाई? सारी गल्ली वाट पाहून राह्यली.

तृप्ती : आई, थांब ना जरा. पुणं मिळतंय, पण मी अजून हो म्हटलेलं नाही.

कारभारी : आठ वर्षं त्या कलकत्त्याहून विमान उडवलं, अन् आता पुणं आलं तं हो म्हणंना! ज्याची भरती आधी, त्यानं गाव आधी निवडायचं, तूच सांगितल्तं. आला की आता तुझा लंबर.

तृप्ती : आला, दादा. पण काल दुसरंही पत्र आलंय. मला कॅप्टन करतायत. खांद्यावर तीनाच्या चार पट्ट्या.

उषाबाई : अगं माय! मंग तोंड पाडून का बसली?

तृप्ती : कॅप्टन लोकांची यादी वेगळी. तिच्यात मी सगळ्यात खाली. वरच्यांनी पुणं, मुंबई घेतलं, उरलं कोलकाता. म्हणजे आणखी चार-पाच वर्षं तिकडंच. आहे तशी सहवैमानिक राहिले, तर पुणं. पाच वाजेपर्यंत फोनवर हो-नाहीचं बटण दाबून कळवायचंय.

(उषाबाई पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावतात.)

कारभारी : वढ्याकाठचा जुन्या बुडख्यांवर फुटलेला खोडवा मोडला आपण, ध्यानात हाय?

तृप्ती : आता मधेच ऊस कुठून आला?

कारभारी : ऐक तं. खोडव्याची तारीख आधीची, कारखान्याची तोड जल्दी यायची. मोडून नवी लागण केली, नोंद नवी झाली, अन् लंबर गेला पार शेवटाला. तुझी आई दोन दिवस बोलली न्हाई.

उषाबाई : चार दिवस.

कारभारी : बरं, चार. अन् यंदा ऊस कसा आला, ते बी सांग की.

उषाबाई : माणूस दिसंना आत शिरल्यावर.

कारभारी : लंबर काय, मागं गेला तसा पुढं सरकतो. जुना खोडवा किती दिवस धरून बसायचा, पोरी?

तृप्ती : पण आईनं माझ्यासाठी माडीवरची खोली रंगवली. दर पंधरवड्याला येईन म्हणाले होते.

उषाबाई : खोली कुठं पळून चालली? दाब ते बटण.

तृप्ती : खरंच?

उषाबाई : बिलकुल.

तृप्ती : ...गेलं. कॅप्टन तृप्ती कारभारी!

कारभारी : भले शाब्बास!

उषाबाई : कलकत्त्याला थंडी किती पडती गं?

तृप्ती : का?

उषाबाई : तुला येणं जमणार न्हाई, मंग मीच येते की. गोधडी जाड घेऊ का पातळ?