मिश्राजी गप्प झाले तेव्हा

तुम्ही म्हणाल हा पुन्हा फेकतोय, पण त्या दिवशी हातमोज्यातही माझी बोटं गार पडली होती. लखनौला आम्हा न्यूरोसर्जन मंडळींची कार्यशाळा होती आणि माझं ऑपरेशन सभागृहात थेट दिसत होतं. चौकातले चिकनकारीचे दुकानदार मिश्राजी टेबलावर चक्क जागे होते. गाठ मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला चिकटलेली, म्हणून त्यांनी सतत बोलत राहायचं. ते भरतकामाचे टाके समजावत होते. नाजूक भाग आला तसं मी माइकवर सभागृहाला सांगायला लागलो, आणि मिश्राजी गप्प!

वाचा गेली? मी हातातलं हत्यार बाजूला घेतलं.

"मिश्राजी, कुछ तो बोलिए!"

"आप फ़रमा रहे थे, डॉक्टर साहब. बीच में कैसे बोलते?"

पुढे मी तोंड उघडलं नाही. सभागृहातली मंडळी भरतकाम शिकून गेली.