पंप थांबल्यावरची खूण

बिलवाली : आमच्या बिलात एका दिवसाला एकच कोड, आजोबा. पिशवी, नळी, पंप, पिशवी तयार करणाऱ्याची मेहनत, सगळं त्यात आलं. पण ज्या दिवशी ते पोषण खरंच पेशंटच्या शिरेतून आत गेलं, तोच दिवस धरायचा.

आजोबा : म्हणजे हजेरीपट. पोरगं वर्गात दिसलं तरच हजर.

बिलवाली : अगदी तसंच. म्हणून तर फोन केलाय. तुमच्या लेकीचा तक्ता आलाय, सव्वीस तारखेपर्यंत भरलेला. रोजच्या चौकटीत खूण, खाली तुमची सही.

आजोबा : हो.

बिलवाली : आणि दवाखान्याचा कागद म्हणतो, ती नऊ तारखेला पहाटे गेली. विमा कंपनीनं अख्खं बिल परत पाठवलंय. मला वाटलं, कुणाची तरी तारीख चुकली असेल.

आजोबा : तारीख बरोबर आहे, बाळ.

बिलवाली : मग नऊपासूनच्या अठरा खुणा कुणी केल्या?

आजोबा : नातीनं. पाच वर्षांची आहे. सकाळी पंप थांबला की खूण करायची, हे तिचं काम. तिच्या आईनंच नेमून दिलेलं. आकडेसुद्धा त्या तक्त्यावरच शिकली.

बिलवाली : पण थांबायला आधी चालावा लागतो ना पंप.

आजोबा : चालतो की. मी लावतो रोज रात्री.

बिलवाली : कुणाला?

आजोबा : नळीचं दुसरं टोक बादलीत सोडतो. लेकीच्या खोलीचं दार लोटून घेतो. सकाळी बादली मोरीत ओततो. दुधासारखं पांढरं असतं गं ते.



बिलवाली : का, आजोबा?

आजोबा : आई आमच्यासोबत का जेवत नाही, असं पोरीनं एकदा विचारलं होतं. लेक म्हणाली, माझं पोट संपावर गेलंय, आता पंप मला भरवतो. घरघर ऐकू आली की समजायचं, आई जेवतेय. नऊला लेकीला स्मशानात नेलं, तेव्हा पोरीला शेजारी ठेवलं होतं. रात्री पोरीला परत आणली, तर आईच्या दाराबाहेर बसून राहिली. म्हणाली, आजोबा, आवाज नाही. आई उपाशी आहे.

बिलवाली : आणि तुम्ही पंप लावलात.

आजोबा : लगेच झोपली. एका रात्रीपुरतंच करायचं होतं.

बिलवाली : तिला काय सांगितलंय?

आजोबा : आईला बरं नाही, आत जायचं नाही. ती ऐकते. शहाणी आहे. भीती मलाच वाटायला लागलीय. दाराबाहेर पडलेलो असतो, तर आत कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटतं. सकाळी बादली उचलतो, पण उशीकडे बघत नाही.

बिलवाली : आजोबा, कंपनी याला लबाडी म्हणेल. तुमची सही, आणि कोड लावलेत मी. माझी नोकरी जाईल.

आजोबा : पैशाचं डोक्यातच आलं नाही बघ. पिशव्या दर आठवड्याला येत होत्या, मी लावत होतो. तू कशाला भरडली जातेस? जे झालं ते लिहून देतो. खोड सगळ्या खुणा.

बिलवाली : अठरा दिवस मागे घेते. खातं आठ तारखेला बंद. उरलेल्या पिशव्या आणि पंप परत न्यावा लागेल.

आजोबा : आठची पिशवी अर्धीच गेली होती. मग रुग्णवाहिका आली.

बिलवाली : अर्धी गेली तरी दिवस धरतो आम्ही.

आजोबा : धर. तेवढा शेवटचा दिवस ती घरी होती.

बिलवाली : उद्या दहाला माणूस येईल. नात घरी असते का?

आजोबा : शाळेत असते. बरंच आहे ते. सांगता येईल, पंप बिघडला, दुरुस्तीला दिलाय.

बिलवाली : मग परवा विचारेल, कधी येणार. तेरवाही विचारेल.

आजोबा : विचारेलच. आईसारखी चिवट आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सांगत आलो, पहिली पायरी चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं. स्वतःची वेळ आली आणि फळा पुसून मोकळा.

बिलवाली : माणूस दहालाच यायला हवा असं काही नाही. तुम्ही सांगाल तेव्हा पाठवते.

आजोबा : साडेबाराला घरी येते ती.

बिलवाली : साडेबारा लिहू?

आजोबा : नको. जेवण होऊ दे तिचं. मी तिला घेऊन त्या खोलीत बसतो. मग पाठव.