जमिनीखालचा फेरा

आमचं लग्न कसं जमलं, विचारतेस? अगं, जमिनीखालच्या रेल्वेमुळे! पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. हे लंडनहून शिकून परतले आणि मला बघायला आमच्या अंधेरीच्या घरी आले. बाबांना विलायतेचं भारी कौतुक. त्यांनी विचारलं, "तिथे म्हणे शहराच्या पोटातून गोल गाडी फिरते?"

"हो ना. पहिल्याच दिवशी मी तिच्यात अडकलो," हे म्हणाले. "उतरायच्या आत दार बंद झालं. म्हटलं, गोल गाडी आहे, स्टेशन परत येईलच. बसून राहिलो. फेरा मारून स्टेशन आलं, तेव्हा नेमकी झोप लागली होती."

बाबांनी गंभीरपणे मान डोलावली. मी मात्र चहाचा ट्रे हातात धरून खो खो हसले. आईने असा चिमटा काढला! मंडळी गेल्यावर बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "वाट लागली. गेलं स्थळ." मला रडूच आलं. मला आवडले होते गं हे!

चार दिवसांनी यांच्या आई स्वतः आल्या. म्हणाल्या, "आल्यापासून हा ती गोष्ट सगळ्यांना सांगतोय, आणि सगळे नुसत्या माना डोलावतात. आता म्हणतो, आई, हसली ती ही एकटीच. हिलाच विचार."