इंजिनाच्या झाकणावर बांधलेल्या लॅपटॉपबाबत जबाब

मी, गाडीतळावर ज्याला सगळे 'वायर' म्हणतात तो इसम, वय चोवीस, शिक्षण सातवी, तेही निकाल बघायला गेलो नव्हतो, धंदा लॅपटॉप जोडून मालट्रकच्या इंजिनातले बिघाड काढणे, कायमचा पत्ता थोरल्या बहिणीच्या घरचा, तिथे माझी एक पत्र्याची पेटी असते आणि मी नसतो, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की,

सदर घरी बहीण, तिची मुले आणि दाजी राहतात. दाजी म्हणजे बहिणीचे यजमान. मालट्रक त्यांचा, चालवतातही तेच. मी शाळा सोडून गावभर हिंडायला लागलो तेव्हा ताईने मला त्यांच्या गाडीत क्लीनर म्हणून बसवले. पुढे एका मिस्त्रीने मला गाडीला लॅपटॉप जोडायला शिकवले. आताच्या गाड्या बिघडल्या की आवाज करत नाहीत, नुसता दिवा पेटवतात. लॅपटॉपची वायर जोडायची, पडद्यावर बिघाडाचा नंबर येतो त्यावरून कुठला सेन्सर गेला ते ओळखायचे, बदलायचा, दिवा विझवायचा. यात फार अक्कल लागत नाही. तरी तेवढीही नसलेले लोक हा धंदा करतात म्हणून माझे चालते.

दाजींची गाडी जाते तिथे मी जातो. झोपणे, जेवणे केबिनमध्येच. दाजी झोपेत घोरतात आणि जागेपणी सल्ला देतात. यातले जास्त वाईट काय ते मी अजून ठरवलेले नाही. लिहिणाऱ्या साहेबांनी सांगितले की मत लिहू नये, घडले तेवढेच लिहावे. म्हणून घडले ते सांगतो.

माझा जुना लॅपटॉप सिमेंटच्या एका गाडीत वारला. त्याच्या पंख्यात सिमेंट बसले होते, बिजागरी चिकटपट्टीने धरली होती आणि दोन बटणे नव्हती, तिथे मी काडीने टोचत असे. तो गेला तेव्हा दाजी म्हणाले, सुटला बिचारा तुझ्या हातून. त्यानंतर आम्ही नवीन घ्यायचे ठरवले. आम्ही म्हणजे मी ठरवले आणि दाजींनी 'आम्ही' केले.

काल सकाळी माल भरून झाल्यावर आम्ही बायपासच्या कडेच्या मोठ्या दुकानात गेलो. दुकान इतके थंड होते की आत लॅपटॉप ठेवतात की मटण, असा प्रश्न पडावा. तिथला विकणारा मुलगा माझ्याच वयाचा, केस चोपून बसवलेले, बूट चकचकीत. त्याला पुढे चकचक्या म्हणतो. चकचक्या दाजींना 'सर' म्हणत होता आणि मला 'अरे'. दाजींना लॅपटॉप कुठल्या बाजूने उघडतो ते ठाऊक नाही. चकचक्याने त्यांना विचारले की सर, तुमचा यूज काय आहे. दाजींनी माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "हा."

त्याने पहिला लॅपटॉप दाखवला तो बटणांखाली लाल-निळे दिवे लागणारा. मी विचारले की हे दिवे कशाला, तर म्हणाला लूकसाठी. रस्त्याच्या कडेला गाडीखाली आडवे पडून काम करणाऱ्या माणसाला लूक विकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तो बाजूला ठेवला.

दुसरा दाजींनी शोधून काढला. कुठल्या तरी ऑफिसातून टाकून दिलेला, विटेएवढा जाड, वर मूठ, खाली नटबोल्टची भोके. बॅटरी मेलेली, सतत गाडीच्या वायरला जोडून ठेवावा लागणार. दाजींना तो फार आवडला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि कलिंगड वाजवतात तसा वाजवला. म्हणाले, "हा डॅशबोर्डला नट मारून बसवू. पडणार नाही, चोरीला जाणार नाही, कुठे जाणारच नाही." चकचक्या हसला, कारण 'सर' बोलले होते.

तिसरा मी निवडला. राखाडी, पातळ, जेवायच्या ताटाएवढा हलका. पडदा उन्हात दिसतो का ते मी दुकानाच्या दाराबाहेर नेऊन पाहिले, चकचक्या माझा शर्ट धरून मागे आला. पडदा दिसत होता. हा पाठीवरच्या पिशवीत कपड्यांमध्ये घालून कोणत्याही गाडीत चढता येईल असा होता. चकचक्याने इथे एकच उपयोगाची गोष्ट सांगितली, ती नोंदवतो. तो म्हणाला, हा आपटला तर पडदा जाईल, आतले काही जाणार नाही. मी त्याला म्हणालो की तुला कोणी विचारले. मग मी विचारले, "बॅटरी दिवसभर पुरेल ना? गाडी नसली तरी?"

दाजी त्या विटेची मूठ वर-खाली करत होते ते थांबले. म्हणाले, "गाडी नसली तरी म्हणजे?"

मी लॅपटॉप मिटून काउंटरवर ठेवला. साहेबांनी याबद्दल विचारल्यावरून सांगतो की, एका मोठ्या वाहतूकवाल्याच्या मुकादमाने मला बोलावले होते. त्याच्या गाड्या सगळ्या रस्त्यांवर असतात आणि कुठे ना कुठे एक अडकलेली असते. जिथे अडकेल तिथे मिळेल त्या गाडीने जायचे, काम करायचे, पुढच्या ठिकाणी जायचे. मी त्याला हो म्हणालो होतो. दाजींना सांगितले नव्हते. ताईला सांगितले होते. ती म्हणाली की तूच सांग त्यांना, आणि मग भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला.

दुकानात दाजींनी ती वीट खाली ठेवली. म्हणाले की बरं, तुझा पातळ तर पातळ, पण झाकणावर बसवल्याशिवाय घ्यायचा नाही.

हे काय ते साहेबांना माहीत नव्हते, म्हणून सांगतो. आमच्या गाडीत इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधे असते, त्यावर झाकण असते. रस्त्यावर वापरायची विजेची वस्तू, फोन असो, पंखा असो, घेण्याआधी त्या झाकणावर बांधायची, गाडी जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवायचे आणि बाहेर एक चहा प्यायचा. चहा संपल्यावर वस्तू चालू असेल तर ती आपली. बंद पडली तर दुकानदाराची. गाडीतळावर सगळे असेच करतात. दुकानदारांना ते आवडत नाही. चकचक्याने कपाळाला हात लावला आणि मालकाला बोलावले. मालकाने आमच्याकडे बुटाला काही लागल्यासारखे पाहिले, पण गिऱ्हाईक सोडवत नव्हते. म्हणाला ठीक आहे, पण वस्तू परत येईपर्यंत एकाने दुकानात बसायचे.

गाडी दुकानासमोरच उभी होती. लॅपटॉप मी माझ्या हाताने झाकणावर बांधला. जुन्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी असते, ती चार बाजूंनी ओढून गाठ मारायची. ती गाठ दाजींनीच मला शिकवलेली आहे आणि ती धक्क्याने सुटत नाही. इंजिन चालू केले. मग मालकाने हाक मारली म्हणून मी आत जाऊन बसलो. म्हणजे तारण मी, आणि वस्तू पास की नापास ते ठरवायला बसले दाजी. असे दुसऱ्या कोणी केले असते तर मी त्याला आयुष्यभर हसलो असतो.

काचेतून मला गाडी निघालेली दिसली. दाजींनी नेहमीसारखा दोनदा हॉर्न वाजवला. मालकाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो की वळवून आणत असतील, सावलीत लावत असतील. चकचक्याने मला पाणी दिले. नंतर पाणी देणे बंद केले. दाजी फोन उचलत नव्हते. मालक येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून हकीकत सांगत होता, आणि प्रत्येक वेळी त्यात मी जास्त चोर होत गेलो. मी पळून जाऊ शकत होतो. दार उघडेच होते. गेलो नाही, कारण दाजी परत येणार हे मला माहीत होते. ते कितीही हलके असले तरी मला टाकून जाणार नाहीत. मला कुठे टाकून जाता येत नाही, हीच तर त्यांची अडचण आहे.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी ते आले. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला होता. एक कोपरा चेपलेला, पडदा फुटलेला, अर्धा काळा. म्हणाले, "खड्ड्यात उडाला. पातळ वस्तू. म्हटलं नव्हतं तुला?" आणि ती वीट कुठे ठेवली ते बघायला लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मी लॅपटॉप चालू केला. चालू झाला. आतले काही गेले नव्हते. चकचक्याने सांगितले तेच झाले होते, आणि त्या क्षणी मला सर्वांत जास्त राग त्याचा आला.

मी बाहेर जाऊन गाडीत पाहिले. रबरी पट्टी सीटच्या मागच्या हुकाला लावलेली होती. तुटलेली नव्हती. गाठ सोडून, गुंडाळी करून, आम्ही रोज ठेवतो तशी नीट ठेवलेली होती.

मी परत आत आलो. तोपर्यंत मालकाने दाजींची कॉलर धरली होती आणि दाजी त्याला रस्त्यांच्या दर्जाबद्दल सांगत होते. मी काउंटरवरचा माउस फेकला हे खरे आहे. तो मालकाला लागला नाही, दाजींनाही लागला नाही. कोणाला मारायचा होता असे साहेबांनी विचारले. समोर तिघेही उभे होते. तो चकचक्याच्या मागच्या भिंतीला लागला आणि चकचक्याने ठाण्याला फोन केला. मालकाने दिलेल्या तक्रारीत आम्ही दोघांनी संगनमताने वस्तू पळवली असे आहे, ते खोटे आहे. आमचे दोघांचे संगनमत कधीच नव्हते. असते तर हा प्रकार झाला नसता.

काल रात्री ठाण्यात आणल्यावर बहिणीचा फोन आला. ती मला ओरडली नाही. जेवलास का विचारले. मग विचारले, त्यांना आत ठेवलंय का. मी म्हणालो, बाकावर बसलेत, पंख्याखाली. ती म्हणाली बरं. या वेळी फोन तिने ठेवला नाही.

त्यानंतर साहेबांनी मला स्पष्ट विचारले की, पट्टीचे तू सांगितलेस त्यावरून तुझ्या दाजींनी लॅपटॉप सोडून मुद्दाम फोडला असे तुझे म्हणणे आहे का. तसे असेल तर लिहू, मग तू मोकळा, त्यांना आत घेऊ, आणि मालासकट गाडी इथेच राहील. मी सांगतो की, पट्टी हुकाला होती एवढे मी पाहिले. दाजींच्या मनात काय होते ते मी पाहिले नाही. मनात आणून एखादी गोष्ट तडीस नेण्याइतके ते हुशार नाहीत. फोडून झाल्यावर गुन्हेगार पुरावा लपवतो. यांनी तो गुंडाळून हुकाला लावला. अशा माणसावर खटला भरायला साहेबांच्या शाईची नासाडी आहे. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. मुद्दाम केले असे मी म्हणत नाही आणि तसे लिहू नये.

वस्तू मीच मागितली होती, मीच बांधली होती, म्हणून ती फुटलेली मी ठेवून घेतली आहे. तिच्यासाठी आणलेले सगळे पैसे दुकानमालकाला साहेबांसमोर दिले, त्याची तक्रार मिटली आहे. भिंतीबद्दल मी माफी मागितली आहे. चकचक्याची मागितलेली नाही.

यानंतर दाजी बाकावरून उठून दारापर्यंत आले. ऐकत होते की नाही ते मला माहीत नाही, पण डोळे पुसल्यासारखे तोंड पुसत होते. मला म्हणाले, "चल. माल पोचवायचाय. जाताना ती वीट घेऊ, अजून आहे दुकानात."

मी म्हणालो, "तुम्ही निघा, दाजी."

ते गाडीकडे गेले. माझी कपड्यांची पिशवी केबिनमधून आणून त्यांनी बाकाखाली ठेवली, तिच्यात माझा नसलेला एक धुतलेला टॉवेल आहे. मग गाडी चालू झाल्याचा आवाज आला. हॉर्न वाजवला नाही. मुकादमाची एक गाडी बायपासला दिवा पेटून उभी असल्याचा निरोप मला आला आहे. अर्ध्या पडद्यात बिघाडाचा नंबर बसतो, ते मी इथेच बसून पाहिले आहे. मला जाऊ द्यावे.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरलेला आहे. 'दाजी' हा शब्द सगळीकडे खोडून 'सदर चालक' लिहावे असे साहेबांनी सुचवले. मी ते करू दिले नाही. बाकी सर्व बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.