कॅरिअर पाहिजे

धुळ्याच्या सायकल दुकानात सुनंदाबाई पंक्चर निघायची वाट बघत होत्या. शेजारी एक तरुण बाई दुकानदाराशी बोलत होती.

"ताई, लेडीजमध्ये गिअरवाली हीच स्वस्त. शेतातल्या दगडगोट्यांतही चालंल."

"कॅरिअर कुठे शे?"

"हिला नसतं."

"मग बांबू कुठं बांधू? नवी शिकतेय, पडू नये म्हणून आडवा बांबू लागंल."

"मिस्टर धरतील की मागून."

"आखाजीच्या सणाला शिकवतो म्हटले होते. पौषात अटॅकनं गेले."

दुकानदार पंक्चरकडे वळला. सुनंदाबाईंनी मात्र थाप ठोकली.

"मी बिनबांबूची शिकले, पोरी. तिसऱ्या दिवशी बिबट्याला मागं टाकलं."

"मागून कोन धरे, अक्का?"

सुनंदाबाईंना महिनाभर घामाघूम होऊन सायकलमागे पळणारा नवरा आठवला.

"कोनीच नाही," त्या म्हणाल्या.