आगीनगाडीचा दिवस

अकोल्याला आगीनगाडी पहिल्यांदा आली, त्या दिवशी आमच्या बार्शीटाकळीत माझ्याशिवाय मागं कोण राहिलं होतं? मी किती जणांना विचारलं, कोणी सांगत नाही. परवा पारावर रहीम तोच दिवस रंगवून सांगत होता. इंजिनाला हार घातले, नारळ फोडले, शिट्टी झाली तसे अर्धे लोक पळत सुटले.

मग मला म्हणाला, "तू काहून नाही आला बे? असा दिवस परत येते काय?"

"घरात पटकी होती. दादा त्याच दिवशी सकाळी गेला, वहिनी दुपारी. तुमी आले तोवर राख थंडी झाली होती."

रहीम म्हणाला, "मंग नेलं कसं? तुमचे बैल तर माह्या बंडीले होते."

"हो. मीच देले होते तुले."



वहिनीला गाडी पाहायची फार हौस. तिनं दादाचं पागोटं धुवून ठेवलं होतं. ते मी त्याला बांधलं, सोन्याच्या मोलाचा कापूस आमच्या बंडीत अंथरला, दोघांना शेजारी निजवलं आणि जू माझ्या मानेवर घेतलं.