स्टँडवर वाजलेला डिमिनिश्ड

सर : आणि तो तुम्ही माइकसमोर वाजवलात? बसस्टँडवर?

बाई : मग काय करणार, सर. मी घोषणा करायच्या आधी जी टिंगटाँग वाजते ना, ती बिघडली. आमचे साहेब म्हणाले, तुम्ही गिटार शिकता, दुरुस्त होईपर्यंत तीच वाजवा. आणि मला धड येतो तो एवढा एकच कॉर्ड. डिमिनिश्ड.

सर : धड येतो असं कोण म्हणालं?

बाई : तुम्ही. म्हणजे, "असू दे" म्हणालात.

सर : त्याआधी सी शिकवला होता. एफ शिकवला होता.

बाई : एफमध्ये एकट्या पहिल्या बोटाने सगळ्या तारा दाबायच्या. एकाच्याच मानेवर सगळा भार, हे घरी पुष्कळ बघितलंय, गिटारवर तरी नको. ह्यात चार बोटं, चार तारा, ज्याचं त्याने बघावं. शिवाय तुम्हीच म्हणालात, दांडीवर तीन फ्रेट, म्हणजे तीन घरं, वर सरकवला तरी तोच कॉर्ड, आणखी तीन वर, तरी तोच. म्हटलं, चुकायची सोयच नाही.

सर : बरं. वाजवलात. मग?

बाई : स्टँड गप्प झाला. बाकावर एक नवराबायको भांडत होते, पिशवी कोणी विसरली म्हणून. ते एकमेकांचा हात धरून उभे राहिले. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली. चहावाला ओततच राहिला, कप भरून वाहायला लागला. आणि सगळे वर भोंग्याकडे बघताहेत. एवढी वर्षं मी बोलते, कोणी मान वर केली नव्हती. मी इतकी घाबरले की कुठली गाडी सांगायची तेच विसरले. नुसतं म्हटलं, "कृपया लक्ष द्या." आणि सर, त्यांनी दिलं.

सर : गाडी नंतर तरी सांगितलीत ना?

बाई : सांगितली. कोणी चढलं नाही, रिकामी गेली. एक बाई खिडकीशी येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही काहीतरी सांगणार होतात." म्हटलं, सांगितलं की, गाडी लागली आहे. ती म्हणाली, "ते नव्हे."

सर : म्हणजे तिथेच थांबवायला हवं होतं. पुन्हा वाजवला नाहीत ना?

बाई : पुढच्या गाडीला वाजवला. त्याच्या पुढच्या गाडीला पण.

साहेब : क्षमा करा, गिटारचा क्लास वर आहे असं खालच्या सायकलवाल्याने सांगितलं. मी स्टँडचा प्रमुख. सदर आवाज आपणच शिकवलात का?

सर : मीच. या, बसा.

साहेब : तेच तर जमत नाही. गेल्या आठवड्यात मी खुर्चीतून उठत होतो. अर्धा उठलो तेवढ्यात हे वाजलं. तेव्हापासून धड बसवत नाही, धड उभं राहवत नाही. घरी मंडळी विचारतात, कंबर धरली का. त्यांना काय सांगू?

बाई : साहेब, मला ठाऊक नव्हतं.

साहेब : माझं सोडा. फलाटावर मुक्काम पडलाय. लोकांनी दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेत. ड्रायव्हर आता गाड्याच काढेनात. म्हणतात, काहीतरी व्हायचं राहिलंय, अशा वेळी रस्त्यावर कोण जाईल? आणि तक्रार एकही नाही. तक्रार असती तर उत्तर दिलं असतं.

सर : हा कॉर्डच तसा आहे. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. त्याच्यापुढे जी कॉर्ड वाजवला की माणूस घरात येतो. त्याला काही लागत नाही, करंगळी एक फ्रेट पुढे सरकवायची आणि बाकीची बोटं उचलायची.

साहेब : एवढंच? मग शिकवला का नाहीत?

सर : शिकवणार होतो. ड्यूटीची वेळ झाली म्हणून बाई मधेच उठल्या.

साहेब : बाई, ताबडतोब शिकून घ्या.

बाई : मला नको.

सर : अहो, हा सगळ्यांत सोपा आहे.

बाई : म्हणूनच नको. तो वाजला की सगळे उठतील, गाड्या भरतील, जातील. तिथे एक म्हातारबा आहेत, ट्रंकेवर बसलेले. रोज खिडकीशी येऊन विचारतात, "ताई, दमलात का?" मला आजवर लोकांनी एवढंच विचारलंय की मुतारी कुठे आहे.

साहेब : कुठे निघालेत ते?

बाई : लेकीकडे. तिला मुलगा झालाय, ह्यांचा पहिलाच नातू. ट्रंकेत दुपटी आहेत. रोज उन्हात घालतात, परत घड्या करून ठेवतात.

सर : बाई, पोर वाढतंय तिकडे. दुपटी अपुरी पडतील त्याला.

बाई : मी त्यांना सांगितलं, जा म्हणून. ते म्हणतात, तुमचं बोलणं अर्धं टाकून कसा जाऊ?

सर : मग पूर्ण करा.

बाई : करंगळी पुढे म्हणालात ना?

(बाई डिमिनिश्ड वाजवतात, मग करंगळी सरकते, जी वाजतो.)

साहेब : बसलो. अरे वा, बसलो. थोडा वेळ कोणी बोलू नका.

* * *

सर : हॅलो? बाई, तासाला येताय ना?

बाई : आजचा तास बुडणार, सर. तेच सांगायला फोन केला.

सर : स्टँडवर जी वाजवलात?

बाई : वाजवला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, भोंग्यावरची कबुतरं उडाली. दोऱ्या सुटल्या, कपडे पिशव्यांत गेले. ते नवराबायको परत भांडायला लागले. म्हातारबांची ट्रंक मी आणि कंडक्टरने मिळून वर चढवली. म्हणाले, "बरं झालं हो, सांगून टाकलंत." काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

सर : आणि मग?

बाई : मग फलाट रिकामा झाला. फक्त एक गाडी उभी होती, इंजिन चालू. मी माइक बंद केला, खोलीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. गिटार मांडीवर आहे.

सर : अहो, पण निघालात कुठे?

बाई : आता पुढच्या स्टँडचा बोर्ड दिसला की कळेल. घोषणा मीच केली होती, सर. पण ऐकली नव्हती.